आठ हजार पावलं म्हणजे नक्की किती किलोमीटर?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई 58 वर्षांच्या आहेत, निवृत्त शिक्षिका, उंची पाच फूट एक इंच. मनगटावरचं घड्याळ रोज साधारण 8,000 पावलं आणि 5.9 किलोमीटर दाखवतं. भाचीने उंचीवरून हिशेब केला तर 5.1 किलोमीटर आले. यातलं खरं कुठलं? आणि एवढं चालणं होत असेल तर आषाढी वारीतला पुणे ते सासवड हा टप्पा पायी जमेल का?

ताई, मी 24 वर्षं फिजिओथेरपी करते. लोकांची चाल बघायची, पाऊल किती लांब पडतंय ते मोजायचं आणि काही आठवड्यांनी पुन्हा मोजून फरक बघायचा, हे माझं रोजचं काम आहे. त्यामुळे आधी उत्तर सांगते, मग ते कसं काढलं ते सांगते. माझ्या अंदाजाने तुमचं दिवसाचं अंतर 4 किलोमीटरच्या आसपास आहे. घड्याळाचा आकडा बराच फुगलेला आहे आणि भाचीचाही थोडा जास्त आहे. भाचीच्या गणितात चूक नाही. पण ते गणित ज्या पावलाचं आहे, तसं पाऊल तुम्ही दिवसभर टाकत नाही.

पहिल्यांदा घड्याळाचं बघू. 5.9 किलोमीटरला 8,000 ने भागलं की एका पावलाला जवळपास 74 सेंटीमीटर येतात. तुमच्या उंचीच्या बाईचं रोजचं पाऊल 74 सेंटीमीटर पडत नाही. उंचीवरून पाऊल काढायची एक सर्वत्र वापरली जाणारी पद्धत आहे: स्त्रियांसाठी उंचीला 0.413 ने गुणायचं, पुरुषांसाठी 0.415 ने. ती उलटी लावली तर 74 सेंटीमीटरचं पाऊल पाच फूट दहा इंच उंचीच्या पुरुषाचं निघतं. म्हणून माझी पहिली विनंती अशी, की घड्याळाच्या फोनवरच्या ॲपमध्ये जाऊन प्रोफाइल उघडा आणि तिथे कोणाची उंची भरली आहे ते बघा. मुलगा नवीन घड्याळ घेतो, जुनं आईच्या हातात बांधतो आणि आतली माहिती तशीच राहते, असं मी कितीतरी घरांत पाहिलं आहे. तुमच्याकडेही तसंच झालं असावं. उंची, वजन, वय तुमचं भरलंत की घड्याळ आपोआप 5.1 किलोमीटरच्या जवळ येईल, म्हणजे भाचीच्या उत्तराशी जुळेल. कारण घड्याळही आत तेच गणित करतं.

आता भाचीचं गणित. 155 सेंटीमीटर गुणिले 0.413 म्हणजे 64 सेंटीमीटर. 8,000 पावलांचे 5.12 किलोमीटर. हे 0.413 ज्या चालण्याचं आहे ते म्हणजे निरोगी माणूस सपाट, मोकळ्या, सरळ रस्त्यावर हात मोकळे सोडून नेहमीच्या वेगाने चालतो ते. तुमच्या आठ हजारातली अशी पावलं किती? सकाळच्या फिरण्याची, फार तर संध्याकाळी देवळात जाण्याची. बाकीची ओट्यापासून फ्रिजपर्यंत, फ्रिजपासून जेवणाच्या टेबलापर्यंत, गॅलरीत कपडे वाळत घालताना, दारावर कोणी आलं म्हणून. त्या पावलांत वळणं जास्त असतात. दोन पावलं टाकून माणूस थांबतो, एक पाऊल बाजूला टाकतो, अर्धं पाऊल मागे घेतो. घड्याळ त्या प्रत्येकाला एक पाऊल म्हणून मोजतं आणि प्रत्येकाला तीच पूर्ण लांबी देतं. स्वयंपाकघरातलं पाऊल मी मोजलेल्या बहुतेक जणींचं 35 ते 45 सेंटीमीटर भरलं आहे. म्हणजे दिवसातली निम्मी पावलं घरातली असतील तर अंतराचा आकडा आपोआप फुगतो.

एका सेंटीमीटरचं महत्त्व किती हे एकदा लिहून बघा. 8,000 पावलांत पावलाच्या लांबीत एक सेंटीमीटरची चूक झाली तर दिवसाच्या अंतरात 80 मीटरची चूक होते. दहा सेंटीमीटरची झाली तर 800 मीटरची. पावलांची मोजणी शंभर टक्के बरोबर असूनही अंतर पाऊण किलोमीटरने चुकतं, ते असं. म्हणून ‘दहा हजार पावलं म्हणजे किती किलोमीटर’ या प्रश्नाला सगळ्यांसाठी एकच उत्तर देणं मला पटत नाही. पन्नास सेंटीमीटरचं पाऊल असलेल्या आजींसाठी ते 5 किलोमीटर आहे आणि लांब टांगांच्या पंचविशीतल्या मुलासाठी साडेसात.

तेव्हा स्वतःचं पाऊल स्वतः मोजायचं. त्याआधी पाऊल कशाला म्हणायचं ते नक्की करू, कारण गोंधळ इथेच होतो. उजव्या पायाची टाच जिथे टेकली तिथून डाव्या पायाची टाच जिथे टेकते तिथपर्यंत, चालण्याच्या दिशेने मोजलेलं अंतर म्हणजे एक पाऊल. उजव्या टाचेपासून पुन्हा उजव्या टाचेपर्यंत मोजलं तर ती दोन पावलांची जोडी होते, आणि इंग्रजीत तिला ‘स्ट्राइड’ म्हणतात. काही ॲप सेटिंगमध्ये स्ट्राइड असा शब्द लिहितात पण त्यांना एकच पाऊल हवं असतं, काहींना खरोखरच जोडी हवी असते. चुकीचा आकडा भरला तर अंतर एकदम दुप्पट किंवा निम्मं होतं. भरल्यावर माहितीच्या रस्त्यावर एक फेरी मारून पडताळून बघा. जोडी मोजायची रीत फार जुनी आहे. रोमन सैन्य अंतर मोजताना एकाच पायाचं टेकणं मोजत असे आणि अशा हजार जोड्यांचा त्यांचा मैल होता. मैल हा शब्दच मुळात ‘हजार’ या लॅटिन शब्दातून आला. तो मैल आजच्या सुमारे 1,480 मीटरचा होता, म्हणजे एक पाऊल 74 सेंटीमीटरचं. गंमत म्हणजे तुमचं घड्याळ तुम्हाला नेमकं त्याच सैनिकाचं पाऊल लावतंय.

मोजायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे ॲथलेटिक्सचा ट्रॅक. प्रमाण ट्रॅकची सगळ्यात आतल्या लेनमधली एक फेरी 400 मीटरची असते, आणि ती आतल्या कडेपासून साधारण 30 सेंटीमीटर बाहेरून मोजलेली असते. तुम्हीही तिथूनच चाला. धावणाऱ्या मुलांना अडचण नको म्हणून आपण बाहेरच्या लेनमधून चालतो, ते योग्यच आहे, पण मग अंतर बदलतं: दर लेनला सुमारे 7.7 मीटर वाढतात. पाचव्या लेनमधून चाललात तर फेरी 400 ऐवजी साधारण 431 मीटरची होते. मोजणीच्या दिवशी गर्दी नसलेली वेळ बघा आणि आतली लेन धरा. बऱ्याच शाळा-कॉलेजांच्या मैदानांवर आखलेली फेरी 200 किंवा 300 मीटरची असते. तुम्ही शाळेत होतात, खेळाच्या शिक्षकांना विचारलंत तर ते नक्की लांबी सांगतील.

एक फेरी पुरत नाही. पहिल्या फेरीत आपण मोजतोय याची जाणीव असते आणि पाऊल नकळत लांब पडतं. दवाखान्यातसुद्धा लोक माझ्यासमोर चांगलं चालून दाखवतात. हा मानवी स्वभाव आहे, त्यात खोटेपणा नाही. म्हणून चार फेऱ्या मारा. दुसऱ्या फेरीपासून पाय आपल्या मूळ चालीवर येतात. समजा 1,600 मीटरला 2,650 पावलं झाली, तर पाऊल 60 सेंटीमीटरच्या थोडं वर. रोज जी चप्पल किंवा जे बूट घालून फिरता तेच घाला, साडीत फिरत असाल तर साडीतच मोजा. निऱ्यांच्या घेरात पाऊल किती उघडतं यावर बराच फरक पडतो.

इतकी पावलं तोंडी मोजताना चूक होते. त्यावर सोपा उपाय म्हणजे फक्त उजवा पाय टेकला की मोजायचं आणि शेवटी दुप्पट करायची. पन्नास उजवे झाले की शंभर पावलं झाली. तेव्हा एका हातातला खडा किंवा चिंचोका दुसऱ्या हातात घ्यायचा. अशा मोजणीवर हिमालयाचे नकाशे झाले आहेत. कुमाऊंमधल्या मिलमचे नैनसिंग रावत यांना डेहराडूनला सर्वेक्षणाचं प्रशिक्षण मिळालं. चढ असो वा उतार, प्रत्येक पाऊल सारखंच पडेल असा सराव त्यांनी केला होता आणि 1865-66 मध्ये ते यात्रेकरूच्या वेशात ल्हासापर्यंत गेले. हातातल्या माळेत 108 ऐवजी 100 मणी होते. शंभर पावलांना एक मणी सरकायचा, म्हणजे पूर्ण माळ दहा हजार पावलांची. बघणाऱ्याला वाटायचं जप चालला आहे. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना 1877 मध्ये सुवर्णपदक दिलं. ताई, पाऊल एकसारखं ठेवण्यासाठी त्यांना इतका सराव करावा लागला यावरूनच कळतं, की तुमच्या-माझ्या पावलाची लांबी दिवसभर स्थिर राहात नाही. तुमची जपमाळ वापरायची असेल तर 108 मण्यांचा हिशेब धरा, नाहीतर शेवटी शेकडा आठचा घोळ होईल.

ट्रॅक जवळ नसेल तर रस्त्यावरचे किलोमीटरचे दगड चालतात. राष्ट्रीय महामार्गाचे पिवळ्या डोक्याचे, राज्य महामार्गाचे हिरव्या. मधे अनेक ठिकाणी 200 मीटरचे छोटे दगडही असतात. मात्र महामार्गाच्या कडेला चालून मोजायला मी कोणाला सांगणार नाही. गावाकडच्या शांत रस्त्यावर, सकाळी, समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने चालणार असाल तरच.

घरातलं पाऊल मोजायला बाहेर जायची गरजच नाही. हल्ली बहुतेक घरांत आणि इमारतींच्या पॅसेजमध्ये दोन फुटी फरशी असते, म्हणजे साधारण 60 सेंटीमीटर. वीस फरश्या म्हणजे 12 मीटर. पॅसेजमधून नेहमीच्या घरच्या चालीने, हातात पाण्याचा तांब्या घेऊन चालून बघा. 27 पावलं लागली तर पाऊल 44 सेंटीमीटरचं. फरशी आधी टेपने एकदा मोजून घ्या, कारण जुन्या घरांत एक फुटी किंवा दहा इंचीही असते. जमीन ओली करून पावलांचे ठसे मोजायची युक्तीही काही जण सांगतात, पण पन्नाशीच्या पुढच्या कोणालाही मी ओल्या फरशीवर चालायला सांगत नाही. त्यापेक्षा अंगणात किंवा पार्किंगमध्ये खडूने दोन रेघा मारा, 10 मीटर अंतरावर. पहिल्या रेघेच्या तीन-चार पावलं आधीपासून चालायला लागा आणि दुसरी रेघ ओलांडून पुढे थांबा, म्हणजे सुरुवातीची आणि थांबतानाची आखूड पावलं मोजणीत येणार नाहीत. आमच्याकडे चालीचा वेग आम्ही असाच मोजतो.

पावलाची लांबी हातात आली, आता पावलांची मोजणी खरी आहे का ते बघू. घड्याळात किंवा फोनमध्ये ॲक्सिलरोमीटर नावाचा छोटा भाग असतो. टाच टेकताना शरीराला जो हलका हिसका बसतो, त्याच्या लयीवरून तो पाऊल ओळखतो. पाय तर त्याला दिसत नाहीत, मनगट दिसतं. त्यामुळे नातवाला कडेवर घेतलं, भाजीची पिशवी त्याच हातात धरली, जिन्याचा कठडा धरला किंवा मॉलमध्ये ट्रॉली ढकलली, की मनगट स्थिर राहतं आणि पावलं गळतात. उलट कणीक मळताना, टाळ्या वाजवताना, खड्ड्यांच्या रस्त्यावर दुचाकीवर बसलेलं असताना न चाललेली पावलं जमा होऊ शकतात. अगदी हळू, पाय घासत चालणाऱ्यांची पावलंही निसटतात, कारण हिसकाच बारीक असतो. शंभर पावलं तोंडी मोजून चाला आणि घड्याळाचा आकडा आधी-नंतर बघा. तीन वेळा करा. 97 ते 103 च्या दरम्यान येत असेल तर बाहेरच्या चालण्यासाठी घड्याळावर विश्वास ठेवायला हरकत नाही. हीच परीक्षा पिशवी हातात घेऊनही एकदा करा, म्हणजे बाजारातल्या आकड्यांवर किती विसंबायचं ते कळेल.

जीपीएसबद्दल लोक विचारतात, म्हणून दोन ओळी. मोकळ्या, लांब, सरळ रस्त्यावर जीपीएसने मोजलेलं अंतर चांगलं असतं, आणि ट्रॅक मिळालाच नाही तर तसा दोन-तीन किलोमीटरचा रस्ता चालून त्यावरून पाऊल काढता येतं. सोसायटीच्या आवारात किंवा छोट्या बागेत गोल-गोल फेऱ्या मारताना मात्र ते वापरू नका. उंच इमारती आणि दाट झाडांमुळे तुमची जागा इकडे-तिकडे सरकलेली दिसते, छोटी वळणं कापली जातात, आणि बाकावर पाच मिनिटं बसलात तरी काही मीटर वाढलेले दिसू शकतात.

आता तुमचा हिशेब. आठ हजारांपैकी सकाळचं फिरणं साधारण 45 मिनिटांचं धरते. मध्यम चालीत मिनिटाला शंभर पावलं पडतात, म्हणजे 4,500. त्यांना 60 सेंटीमीटर लावले तर 2.7 किलोमीटर. उरलेल्या 3,500 पावलांना घरातले 40 सेंटीमीटर लावले तर 1.4. एकूण 4.1 किलोमीटर. यात 60 आणि 40 हे माझे अंदाज आहेत, ते पुसून तुमचे मोजलेले आकडे घाला. 64 ऐवजी 60 का धरले? वय, चप्पल, रस्त्यावरचे उंचसखल भाग आणि कुत्री-वाहनं चुकवत चालणं हे सगळं लक्षात घेतलं म्हणून. ट्रॅकवर तुमचं पाऊल 63 निघालं तर मला आनंदच होईल.

वेगाचाही पावलाशी संबंध आहे. माणूस भरभर चालायला लागतो तेव्हा फक्त पावलांची संख्या वाढत नाही, प्रत्येक पाऊलही लांब होतं. म्हणून निवांत गप्पा मारत केलेल्या फेरीचं पाऊल आणि एकट्याने झपझप केलेल्या फेरीचं पाऊल वेगळं मोजा. माझ्या पेशंटना मी वहीच्या शेवटच्या पानावर तीन आकडे लिहायला सांगते: घरातलं पाऊल, रमतगमत चालीचं आणि झपझप चालीचं. तेवढे पुरतात.

आणि सासवड. माउलींच्या पालखीचा पुण्यातला मुक्काम संपला की पुढचा टप्पा सासवडचा. अंतर सुमारे 30 किलोमीटर. वाटेत हडपसर, वडकी करत दिवे घाट लागतो, तो दिवसाचा बराच पल्ला पायाखालून गेल्यावर. चढावर अंतर खूप वाढतं असं लोकांना वाटतं, ते खरं नाही. दहा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर चढ असेल तरी प्रत्यक्ष चालण्याचं अंतर अर्धा टक्काच वाढतं. वाढते ती पावलांची संख्या, कारण चढावर पाऊल आखूड होतं. शिवाय दिंडीत समोरच्याच्या टाचा सांभाळत चालावं लागतं. मी तुमच्यासाठी तिथे 52 सेंटीमीटरचं पाऊल धरते. म्हणजे जवळपास 57,700 पावलं. मिनिटाला 90 पावलं पडली तर विसावे सोडून साडेदहा-अकरा तास.

घड्याळाच्या आकड्याने बघितलं तर सासवड म्हणजे तुमचं पाच दिवसांचं चालणं. खऱ्या हिशेबाने ते सात दिवसांहून जास्त आहे. आणि एका दमात तुम्ही आत्ता 2.7 किलोमीटर चालता, त्याच्या अकरापट. पाऊल मोजा असा आग्रह मी का धरते ते इथे कळेल. तयारी नसताना भक्तीच्या बळावर चालत गेलेले गुडघे वारी संपल्यावर माझ्याकडे येतात, दरवर्षी येतात. त्यातल्या बहुतेकांनी आपण रोज बरंच चालतो असं खरंच मानलेलं असतं.

तुम्हाला जमणार नाही असं मात्र मी म्हणत नाही. आठवड्यातून एक दिवस लांब चालण्याचा ठेवा आणि ते अंतर दर आठवड्याला साधारण दहा टक्क्यांनी वाढवा. 2.7 पासून सुरू केलं तर वीस आठवड्यांत 18 किलोमीटरपर्यंत पोहोचता. एका दिवसात 18 ते 20 किलोमीटर, मधे दोनदा निवांत बसून, दुसऱ्या दिवशी गुडघा किंवा टाच न सुजता जमलं, तर सासवडचा विचार करता येईल. शेवटच्या महिन्यात एखादी टेकडी किंवा जिना त्यात घाला, चढापेक्षा उतारासाठी, कारण उतरतानाच मांडीच्या पुढच्या स्नायूंवर खरा ताण येतो. वारीत जी चप्पल घालणार ती आधी किमान शंभर किलोमीटर पायात गेलेली असू दे. रक्तदाब, मधुमेह किंवा छातीत दुखण्याची तक्रार असेल तर तयारी सुरू करण्याआधी तुमच्या डॉक्टरांना दाखवा. आणि वेळ कमी असेल तर यंदा वडकीपर्यंतच चाला.

दहा हजार पावलं पूर्ण होत नाहीत म्हणून तुम्ही नाराज आहात असं तुमच्या प्रश्नातून जाणवलं. तो आकडा 1965 मध्ये जपानमधल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून पसरला. यंत्राचं नाव होतं ‘मान्पो-केई’, म्हणजेच दहा हजार पावलांचा मापक. टोकियो ऑलिंपिकनंतरचा तो काळ होता आणि आकडा लक्षात राहायला सोपा होता. 2019 मध्ये हार्वर्डच्या आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी सरासरी 72 वर्षांच्या 16,741 स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोज सुमारे 4,400 पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण 2,700 वाल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी दिसलं आणि साधारण 7,500 च्या पुढे फारसा फरक उरला नाही. तुमच्या 8,000 पावलांबद्दल खंत करण्याचं कारण नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. तुम्ही मोजलेली पावलाची लांबी अंतर काढण्यापुरती वापरून सोडून देऊ नका. माझ्याकडे एक आजोबा येत असत, 67 वर्षांचे, शिस्तीचे. रोज 5,000 पावलं, एक दिवसही खाडा नाही. घड्याळ रोज तेवढेच किलोमीटर दाखवत होतं, कारण घड्याळाला त्यांची उंची माहीत होती आणि उंची काही बदलत नाही. नेहमीच्या तपासणीत मी त्यांचं पाऊल मोजलं तेव्हा आठ महिन्यांपूर्वीचे 58 सेंटीमीटर 47 वर आले होते. 2.9 किलोमीटरचे 2.35 झाले होते आणि घरात कोणालाही पत्ता नव्हता. ‘बागेत पोहोचायला हल्ली जरा वेळ लागतो’ एवढंच आजी म्हणाल्या. नीट बघितल्यावर चालताना उजवा हात हलत नसल्याचं दिसलं. मी त्यांना मेंदूविकार तज्ज्ञांकडे पाठवलं, पार्किन्सनचं निदान झालं आणि उपचार वेळेत सुरू झाले.

पाऊल आखूड होण्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात. गुडघ्याची झीज, कंबरेचे आखडलेले स्नायू, मोतीबिंदूमुळे नीट न दिसणं, एकदा पडल्यावर बसलेली भीती, झिजलेली चप्पल. पण कारण कुठलंही असो, पावलांची संख्या ते सांगत नाही, उलट झाकते. पाऊल आखूड झालं की तेवढ्याच रस्त्याला जास्त पावलं लागतात आणि घड्याळावर आकडा वाढलेला दिसतो. माणूस खूश होतो. दवाखान्यात आम्ही सहा मिनिटांची चालण्याची चाचणी घेतो, 30 मीटरच्या सरळ पॅसेजमध्ये, आणि त्यात पावलं मोजत नाही, अंतर मोजतो. कारण हेच.

तेव्हा दर तीन महिन्यांनी त्याच ट्रॅकवर, त्याच चपलेत, त्याच चालीने चार फेऱ्या मारा आणि पावलं तारखेसह लिहून ठेवा. 2,650 ची 2,700 झाली तर काळजी नको, एवढा फरक ऊन, झोप, पाठीवरची पिशवी कशानेही पडतो. सलग दोन मोजण्यांत 2,900 च्या पुढे गेली, म्हणजे पाऊल 55 च्या आसपास आलं, तर त्या वहीसकट जवळच्या डॉक्टरांकडे किंवा फिजिओथेरपिस्टकडे जा. यजमानांचंही पाऊल मोजा. पुरुष मंडळी स्वतःहून मोजत नाहीत.

ट्रॅकवरची पहिली मोजणी झाली की चार फेऱ्यांची पावलं, लागलेला वेळ आणि पायात काय होतं, एवढं कळवा. घड्याळात कोणाची उंची निघाली तेही सांगा. पालखी पुण्यातून निघायला किती आठवडे उरले आहेत ते बघून दर आठवड्याच्या लांब चालण्याचं अंतर तुमच्याच पावलांच्या हिशेबात मांडून देते.